फ्री अपग्रेड अडकलंय कुठे? आधी ते शोधा, मग भांडा

बिलिंगचं सॉफ्टवेअर घेताना डीलर सांगतो, "नवी आवृत्ती आली की फुकटात टाकून देऊ." नवी आवृत्ती येते, जाहिराती दिसू लागतात, मुंबईतल्या चुलतभावाच्या दुकानात ती चालूही होते. देवगडच्या किंवा गुहागरच्या दुकानात मात्र जुनाच पडदा. फोन केला की उत्तर ठरलेलं, "करतंय, सोमवारी करतंय." वैताग येणारच. पण रागाच्या भरात केलेला पहिला फोन बहुतेकदा चुकीच्या माणसाला लागतो. अपग्रेड तीन ठिकाणी अडकू शकतं: तुमच्या कॉम्प्युटरात, कंपनीच्या टप्प्याटप्प्यानं चाललेल्या वाटपात किंवा डीलरच्या टेबलावर. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

सुरुवात बिलापासून करा. बिलावर किंवा कोटेशनवर नेमकं काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचा. 'फ्री अपडेट' आणि 'फ्री अपग्रेड' हे दोन वेगळे शब्द आहेत. अपडेट म्हणजे आहे त्याच आवृत्तीतली डागडुजी, अपग्रेड म्हणजे पुढची आवृत्ती. 'लाइफटाइम फ्री अपडेट' लिहून दिलेला डीलर अपग्रेडचे पैसे मागतो, तेव्हा तो शब्दावर बोट ठेवूनच मागतो. वर्गणीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मुदतही पाहावी लागते. टॅलीचंच घ्या. तिथं टीएसएसची, म्हणजे अपडेट आणि सेवेच्या वर्गणीची, मुदत चालू असेल तर नवी आवृत्ती वेगळे पैसे न भरता मिळते. मुदत संपली असेल तर जुनी आवृत्ती चालत राहते, पण नवी मिळत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअर उघडून लायसन्सच्या माहितीत सिरियल नंबर, आवृत्ती आणि मुदतीची तारीख या तीन गोष्टी बघा आणि त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढं प्रत्येक पत्रात तो लागतो.

त्याच पडद्यावर चौथी गोष्ट असते आणि कोकणातल्या छोट्या दुकानांत घोळ बहुधा तिथंच सापडतो: लायसन्स कुणाच्या ईमेलवर नोंदलंय? खरेदीच्या दिवशी दुकानदाराला ईमेल आठवत नाही, डीलरचा मुलगा घाईत असतो, तो आपलाच पत्ता टाकून मोकळा होतो. मग कंपनी अपग्रेडची लिंक पाठवते ती डीलरच्या मेलबॉक्समध्ये, तिथल्या शेदोनशे मेलच्या ढिगाऱ्यात. कंपनीच्या नोंदीत 'ग्राहकाला कळवलं' असं दिसतं, आणि ग्राहक आपला वाट बघत बसतो. कधी मोबाइल नंबरही डीलरचाच असतो, म्हणजे ओटीपीसुद्धा त्याच्याकडेच जातो. यावर उपाय सोपा आहे. डीलरला सोडून थेट कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहा: सिरियल नंबर, बिलाची प्रत, दुकानाचा जीएसटी क्रमांक असेल तर तो, आणि 'नोंदणीकृत ईमेल व मोबाइल बदलून माझा करावा' ही एकच मागणी. या मेलमध्ये अपग्रेडचा तगादा घालू नका. दोन मागण्या एकत्र केल्या की तिकीट, म्हणजे तुमच्या तक्रारीची नोंद, एका विभागातून दुसऱ्याकडे फिरत राहतं. पत्ता बदलला की बरेचदा लिंक आपोआप हाताशी येते आणि डीलरची गरजच उरत नाही.

आता कॉम्प्युटर. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अनेकांचं अडलेलं अपग्रेड म्हणजे मोफत मिळणारं विंडोज ११. त्यासाठी ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, यूईएफआय सिक्युअर बूट (चालू होताना खोटं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) लागतं. प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा किंवा रायझन २००० मालिकेपासून पुढचा हवा. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे छोटं ॲप चालवलं की नेमकं काय कमी पडतंय ते कळतं. टीपीएम नाही असं दिसलं तर लगेच नवीन मशीन घ्यायला निघू नका. पुष्कळ मशीनमध्ये ते असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. ते चालू करण्याआधी डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटा कुलूप, लावलेलं आहे का ते तपासा आणि असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. नाहीतर कॉम्प्युटर चालू होताना ४८ अंकी की मागेल आणि ती कुणाकडेच नसेल. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर सिक्युअर बूटसाठी ती आधी नव्या जीपीटी पद्धतीची करून घ्यावी लागते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

मशीन पात्र आहे आणि तरी अपग्रेड उतरत नाही, तर दोन कारणं आधी बघा. पहिलं, सी ड्राइव्हवर जागा नाही. इन्स्टॉलेशन असिस्टंटला किमान ९ जीबी मोकळी जागा लागते, पण प्रत्यक्षात २५ जीबी ठेवली तर काम अडत नाही. दुसरं, मीटर्ड कनेक्शन. दुकानातलं नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालत असेल आणि डेटा वाचवायला कुणीतरी ही सोय चालू करून ठेवली असेल, तर विंडोज मोठं डाउनलोड थांबवून ठेवतं. सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग वायफायची प्रॉपर्टीज, तिथं 'मीटर्ड कनेक्शन' बंद करा. डाउनलोड काही जीबीचं आहे, रोजच्या दीड-दोन जीबीच्या रिचार्जमध्ये ते बसणार नाही. त्यापेक्षा ज्यांच्याकडे फायबर आहे त्या शेजाऱ्याकडे लॅपटॉप रात्रभर लावा, किंवा अधिकृत साइटवरून पेनड्राइव्ह तयार करून आणा. हायवेच्या कामात केबल तुटली म्हणून आठवडाभर नेट नाही, असली कारणं इथं नवी नाहीत. त्याचा दोष सॉफ्टवेअर कंपनीच्या माथी मारला तर तक्रार पहिल्याच उत्तरात गळून पडते.

कंपनीच्या टप्प्यांबद्दल थोडक्यात. मोठ्या कंपन्या अपग्रेड एका दिवसात सगळ्यांना देत नाहीत. आधी थोड्या मशीनवर सोडतात, गडबड दिसली तर त्या प्रकारच्या मशीनसाठी थांबवतात. विंडोजमध्ये याला 'सेफगार्ड होल्ड' म्हणतात. असा होल्ड असेल तर तो डावलून जबरदस्तीनं अपग्रेड करू नका, कारण तुमच्याच प्रिंटरच्या किंवा साउंडच्या ड्रायव्हरमुळे तो लागलेला असू शकतो. मोबाइलचंही तसंच: त्याच मॉडेलचा फोन असूनही भावाला आठवडाभर आधी मिळालं, यात अन्याय काही नाही.

वेळही तुम्हीच ठरवा. मार्च अखेरीस हिशेब बंद करताना, एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्यांची बिलं फाडताना किंवा गणपतीत होमस्टे भरलेलं असताना डीलर 'आत्ता टाकून देतो' म्हणाला तरी नको म्हणा. पावसाळ्यात करायचं तर यूपीएस चांगला असेल तरच. अपग्रेडच्या मध्यावर लाइट गेली तर विंडोज कधी सावरतं, कधी नाही. बिलिंग सॉफ्टवेअरचं दुखणं आणखी वेगळं: नवी आवृत्ती डेटा आपल्या पद्धतीनं बदलून घेते आणि बदललेला डेटा जुनीत पुन्हा उघडत नाही. म्हणून आधी दोन पेनड्राइव्हवर बॅकअप घ्या आणि त्यातला एक दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप बॅकअप धरू नका. विंडोज ११ वरून परत जायला १० दिवस मिळतात, पण त्यासाठी जुनं विंडोज जपून ठेवणारं 'विंडोज.ओल्ड' फोल्डर पुसायचं नाही.

एवढं करून कॉम्प्युटर निर्दोष ठरला, मुदत चालू निघाली, नोंदणीही तुमच्या नावावर झाली, तर आता उशीर करतोय तो समोरचा. इथून पुढं फोन बंद, लेखी चालू. फोन झालाच तर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर टाका: 'आज अकरा वाजता तुम्ही सोमवारपर्यंत अपग्रेड करून देतो म्हणालात.' पत्र एवढंच पुरतं:

"आपल्याकडून बिल क्र. ___, दि. ___ रोजी ___ हे सॉफ्टवेअर (सिरियल नंबर ___) रु. ___ देऊन घेतले. बिलावर 'एक वर्ष फ्री अपग्रेड' असे लिहिलेले आहे. नवी आवृत्ती दि. ___ रोजी बाजारात आली. मी दि. ___, ___ व ___ रोजी मागणी केली. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत अपग्रेड द्यावे, अथवा न देण्याचे कारण लेखी कळवावे. सोबत बिल व लायसन्स पडद्याची प्रत."

'तुमची फसवेगिरी' वगैरे शब्द घालू नका. तारखाच पुरेशा बोलतात. पत्र डीलर आणि कंपनी दोघांनाही ईमेलनं आणि स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा, ट्रॅकिंगचं पान छापून ठेवा. सॉफ्टवेअर ऑनलाइन बाजारपेठेतून घेतलं असेल तर तिथल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याला ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निराकरण द्यावं लागतं.

पंधरा दिवस गेले की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन आदेश देत नाही, कंपनीला तक्रार पाठवते आणि उत्तर मागते. पण डीलरच्या फोनला दाद न देणारी कंपनी इथं बऱ्याचदा हलते. तिथंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी बेंगळुरूची असली तरी. म्हणजे मालवणच्या माणसानं ओरोसला जायचं, दापोलीच्या माणसानं रत्नागिरीला. ऑनलाइन दाखल करायची सोयही आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि डीलरच्या 'करतंय'नं ती वाढत नाही.

इथं दोन अडचणी येतात. निव्वळ मोफत दिलेली सेवा या कायद्याखाली 'सेवा' धरली जात नाही, आणि समोरचा वकील तेच पुढं करणार. म्हणून तक्रार फुकट अपग्रेडची न करता विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची करायची: ज्या किमतीत अपग्रेडचं आश्वासन धरलं होतं, ते पाळलं नाही. जे देण्याचा इरादाच नाही ते 'फ्री' म्हणून दाखवणं कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेत येतं. जुन्या कॉम्प्युटरला विंडोज ११ मिळत नाही, अशी तक्रार मात्र यात बसणं अवघड, कारण तुम्ही त्याचे पैसे दिलेले नाहीत. दुसरी अडचण 'व्यापारी हेतू'ची. स्वतः राबून पोट भरणाऱ्याला, म्हणजे घरच्या माणसांच्या जोरावर चालणाऱ्या खानावळीला किंवा छोट्या दुकानाला, कायद्यात सूट आहे. चाळीस कामगारांच्या काजू कारखान्याला ती मिळणं कठीण.

या सगळ्या वाट बघण्यात एक फोन येतोच: "तुमचं फ्री अपग्रेड पेंडिंग आहे, एनीडेस्क टाका, दहा रुपये प्रोसेसिंग भरा." एनीडेस्क टाकलं की समोरचा तुमचा पडदा लांबून चालवू शकतो. फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.

शेवटी अपग्रेड आलं की डीलरच्या माणसाच्या जॉबशीटवर लगेच सही करू नका. गेल्या वर्षीचं एक बिल उघडा, आजचं एक छापा. बिल क्रमांकांची मालिका पुढं सरकलीय का, एचएसएन कोड जागेवर आहेत का, मराठी नावं चौकोन चौकोन होऊन छापली जात नाहीत ना, थर्मल प्रिंटर कागद मध्येच कापत नाही ना, हे बघा. उशिरात वर्गणीचे तीन महिने गेले असतील तर मुदत तेवढी वाढवून मागा आणि नवी तारीख लायसन्सच्या पडद्यावर दिसली की मगच सही.