नोकरीचं पत्र घेण्याआधी ताळेबंद वाचा

विकास क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या फायनान्स विभागात जायचंय म्हणून हल्ली बरेच एम.कॉम. आणि सीए इंटर झालेले फोन करतात. पगार किती आणि परदेशात जायला मिळतं का, हे आधी विचारून होतं. संस्थेची मागच्या वर्षीची हिशेबपत्रकं वाचलीस का, असं मी विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच: वेबसाइट पाहिली. वेबसाइटवर एक रंगीत गोल असतो, शंभरातले इतके रुपये थेट गरजूंपर्यंत पोचतात असं सांगणारा. या धंद्यात बरीच वर्षं काढल्यावर त्या गोलाकडे मी सर्वांत शेवटी बघते.

कारण तो आकडा कशात काय धरलं यावर ठरतो. आपल्याकडे एफसीआरए या परदेशी देणग्यांवरच्या कायद्याखाली अशा देणगीतला प्रशासकीय खर्च पूर्वी ५० टक्क्यांपर्यंत चालायचा. २०२० च्या दुरुस्तीने ती मर्यादा २० टक्के झाली. ऑफिसचं भाडं, वीजबिल, गाडीचं डिझेल, अहवाल लिहिण्याचा खर्च हे सगळं प्रशासकीय. दवाखान्यातल्या डॉक्टरांचा किंवा शाळेतल्या शिक्षकांचा पगार मात्र त्यात येत नाही. म्हणजे दवाखाना चालवणारी संस्था कागदावर काटकसरी दिसते आणि गावोगाव हिंडून ग्रामसभा उभ्या करणारी उधळी. काम दोघींचं खरं असू शकतं.

तुमची संस्था मूळची ब्रिटनमधली असेल तर वाचायला सुरुवात तिथल्या मूळ संस्थेपासून करा, तिथे बरंच उघड असतं. इंग्लंड-वेल्सच्या चॅरिटी कमिशनच्या, म्हणजे धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या नोंदवहीत ऑक्सफॅम किंवा सेव्ह द चिल्ड्रन असं नाव टाकलं की विश्वस्तांची नावं, उत्पन्न, खर्च आणि ऑडिट झालेले हिशेब घरबसल्या मिळतात. वर्ष संपल्यावर १० महिन्यांत हिशेब दाखल करावे लागतात, उशीर झाला तर तोही तिथेच दिसतो. ६० हजार पौंडांच्या वर मोबदला घेणारे कर्मचारी किती, हे दहा-दहा हजारांच्या टप्प्यांनी सांगावं लागतं. विश्वस्तांना सहसा पगार नसतो. त्यांना प्रवासखर्च दिला असेल तर तो हिशेबांना जोडलेल्या टिपांमध्ये येतो. विश्वस्ताच्या नातेवाइकाच्या कंपनीला काम दिलं असेल तर तेही.

मी वाचताना टिपांमधलं निधीचं पान आधी काढते. रिस्ट्रिक्टेड निधी म्हणजे देणगीदाराने ज्या कामासाठी दिला त्याच कामाला लागणारा पैसा. अनरिस्ट्रिक्टेड म्हणजे विश्वस्तांना गरजेप्रमाणे वापरता येणारा. बँकेत कोट्यवधी पडलेत आणि ऑफिसचं भाडं द्यायला पैसे नाहीत, ही परिस्थिती यातूनच येते. तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: आपलं पद कोणत्या निधीतून भरलंय ते विचारून घ्या. एकाच प्रकल्पाच्या पैशातून पगार होत असेल तर प्रकल्प संपला की नोकरीही संपली. संस्था कितीही मोठी असू दे.

आकडे जुळले म्हणजे कारभार चांगला, असं मात्र धरून चालू नका. मुलाखतीला जाण्याआधी ऑक्सफॅमचं हैती प्रकरण नीट वाचा. २०१० च्या भूकंपानंतर तिथे मदतकार्यावर असलेल्या काही कर्मचाऱ्यांच्या लैंगिक गैरवर्तनाची संस्थेने २०११ मध्ये अंतर्गत चौकशी केली. चौघांना काढून टाकलं, तिघांना राजीनामा देऊ दिला. त्यांत खुद्द तिथला प्रमुख होता. कमिशनला कळवलं, पण सगळा तपशील दिला नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘द टाइम्स’ने ते छापलं आणि जून २०१९ मध्ये कमिशनने चौकशी अहवालासोबत संस्थेला अधिकृत ताकीद दिली. ऑडिटर व्हाउचर तपासतो, पावत्या जुळवतो; अशी गोष्ट त्याच्या हाती लागणं कठीण. ती विश्वस्तांसमोर यावी लागते. म्हणून मुलाखतीत मी हमखास विचारते की तक्रारी विश्वस्त मंडळापर्यंत कशा जातात आणि शेवटच्या बैठकीत अशा किती आल्या होत्या. ‘आमच्याकडे तक्रारच येत नाही’ असं हसत सांगणाऱ्या संस्थेपेक्षा चार तक्रारी आल्या म्हणणारी संस्था मला बरी वाटते.

आता आपल्याकडची बाजू. परदेशी देणगी आधी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते, मग खर्चाच्या खात्यात. स्थानिक देणगी तिच्यात मिसळायची नाही. त्या पैशावरचं बँकेचं व्याजसुद्धा परदेशी देणगीच धरलं जातं, हे नवीन मुलं हमखास विसरतात. आणि २०२० पासून हा पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी पुण्या-मुंबईतली मोठी संस्था निधी घेऊन गावाकडच्या लहान संस्थांना वाटायची. ती वाट बंद झाली. नियमामागे पैशाचा माग ठेवायचा हेतू असेल, पण नंदुरबारमधल्या धडगावसारख्या ठिकाणी काम करणाऱ्या लहान संस्था त्यात भरडून निघाल्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात नोंदलेला ट्रस्ट असेल तर वर धर्मादाय आयुक्तही आहेत. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. हा अर्ज वर्षानुवर्षं रेंगाळलेल्या संस्था असतात: कागदावर जुने विश्वस्त, सह्या नव्यांच्या. तिथे जपून.

रोजचं काम मात्र याहून खूप खालच्या पातळीवर चालतं. गावातल्या प्रशिक्षणाला चहा-जेवण केलं, आचाऱ्याकडे बिलबुक नाही. तेव्हा हजेरीपट, आचाऱ्याची सही किंवा अंगठा, मोबाइल नंबर, दर कसा ठरला याची दोन ओळींची नोंद, हे सगळं व्हाउचरला जोडायचं. फील्डवरचा कार्यकर्ता वैतागतो, ‘आम्ही काय चोर आहोत का’ म्हणतो. त्याला मेल पाठवून काही होत नाही. एकदा त्याच्याबरोबर एसटीने गावात जा, बाजारात खरेदी कशी होते ते पाहा, मग त्याला जमेल असा नमुना करून द्या. टाइमशीटचंही तसंच. महिनाअखेरीला सगळ्यांनी एकदम भरलेली, रोज आठ तास एकाच प्रकल्पावर दाखवणारी टाइमशीट कोणताही देणगीदार ओळखतो.

बजेट पौंडात आणि खर्च रुपयांत असतो, त्यामुळे दर बदलला की शिल्लक वाढते किंवा घटते. वाढलेला पैसा संस्थेचा की देणगीदाराचा, हे करारात लिहिलेलं असतं. करार पहिल्याच आठवड्यात मागून घ्या आणि पूर्ण वाचा, परिशिष्टांसकट.

टॅली आणि एक्सेल येत असेल तर बाकीचं शिकता येतं. मार्चअखेर, मग ट्रस्टचं ऑडिट, मग ३१ डिसेंबरपर्यंत भरायचा एफसी-४, म्हणजे परदेशी देणगीचा वार्षिक हिशेब, असं वर्ष जातं. पहिल्या वर्षी तरी घरच्यांना सांगून ठेवा की लग्नाचा मुहूर्त डिसेंबरात काढू नका.