राउट आहे, तरी पॅकेट जात नाही? राउटिंग आणि फॉरवर्डिंग टेबलच्या या चुका टाळा

कुडाळ-कणकवलीकडच्या एखाद्या छोट्या इंटरनेटवाल्याने महागडा राउटर न घेता साध्या सर्व्हरवर लिनक्स, एफआरआर (रस्ते ठरवणारं सॉफ्टवेअर) आणि व्हीपीपी (पॅकेट वेगाने पुढे ढकलणारं सॉफ्टवेअर) चढवलं, तर मी त्याला शाबासकीच देईन. पैसे वाचतात, वेग चांगला मिळतो आणि आत काय चाललंय ते उघडून बघता येतं. पण तक्रार आली की बहुतेक जण एकाच ठिकाणी डोकावतात: 'शो आयपी राउट'. तिथे राउट, म्हणजे त्या पत्त्याकडे जायचा रस्ता, दिसला की "आपल्याकडे सगळं ठीक आहे, वरच्या प्रोव्हायडरला फोन लावा." अर्धा दिवस वाया जातो तो इथूनच.

फक्त राउटिंग टेबल बघून निकाल देणे

एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकात गाडी लिहिलेली असते, पण ती फलाटाला लागली की नाही हे वेळापत्रक सांगत नाही. राउटिंग टेबल असंच असतं. बीजीपी (दुसऱ्या नेटवर्कशी रस्त्यांची देवघेव करणारा प्रोटोकॉल), ओएसपीएफ (आपल्याच नेटवर्कमधला), स्टॅटिक (हाताने लिहिलेले) असे सगळ्यांनी सुचवलेले रस्ते तिथे जमा होतात. एफआरआरमधला झेब्रा हा भाग त्यातला एक निवडून लिनक्सच्या कर्नलला (गाभ्याला) देतो. व्हीपीपी असेल तर त्याचं लिनक्स-सीपी प्लगइन कर्नलचे नेटलिंक संदेश (टेबलमधल्या बदलांची खबर) ऐकतं आणि तोच राउट व्हीपीपीच्या फॉरवर्डिंग टेबलमध्ये, म्हणजे फिबमध्ये, लिहितं. पॅकेट जातं ते या शेवटच्या टेबलला विचारून. मधल्या कुठल्याही टप्प्यावर राउट गळू शकतो.

एफआरआर तर हे समोरच लिहून ठेवतं. राउटच्या ओळीत '>' म्हणजे निवडला गेला, '*' म्हणजे कर्नलच्या फिबमध्ये बसला. '>' आहे पण '*' नाही, तर तिथेच थांबा. शेजारी 'क्यू' असेल तर राउट अजून रांगेत आहे, 'आर' असेल तर खालच्या थराने तो नाकारलाय.

कर्नलला विचारायचं ते 'आयपी राउट गेट' ने. मात्र नुसता पत्ता दिला तर उत्तर मिळतं ते राउटरने स्वतः पाठवलेल्या पॅकेटचं. ग्राहकाच्या पॅकेटचं उत्तर हवं असेल तर 'फ्रॉम' मध्ये ग्राहकाचा पत्ता आणि 'आयआयएफ' मध्ये ते पॅकेट ज्या इंटरफेसमधून आत येतं त्याचं नाव द्या. पॉलिसी राउटिंग (पॅकेट कुठून आलं ते बघून टेबल निवडणं) असेल तर ही दोन उत्तरं सर्रास वेगळी येतात. साधं 'आयपी राउट' फक्त मेन टेबल, म्हणजे क्रमांक २५४, दाखवतं. बाकीची टेबलं बघायला आधी 'आयपी रूल' वाचावं लागतं. राउटरवरून केलेला पिंग हा पुरावा नाही म्हणतात तो याचसाठी.

व्हीपीपीमध्ये 'शो आयपी फिब' पुढे पत्ता द्या आणि शेवटपर्यंत वाचा. शेवटी इंटरफेस आणि मॅक पत्ता दिसला तर रस्ता पूर्ण आहे. 'ड्रॉप' दिसलं तर राउट असूनही नेक्स्ट हॉप (पुढचा राउटर) सापडलेला नाही. तरीही शंका असेल तर ट्रेस लावा. पॅकेट कुठल्या नोडपर्यंत पोचलं आणि कुठे टाकलं गेलं, ते ओळीने दिसतं.

गरज नसताना पूर्ण बीजीपी टेबल घेणे

आयपीव्ही४ चं पूर्ण टेबल, म्हणजे सगळ्या इंटरनेटचे राउट, आता ९ लाख राउटच्या पुढे आहे. बीजीपीचं सेशन उठलं की हा सगळा लोंढा नेटलिंकवरून एकदम येतो. बफर लहान असेल तर काही संदेश गळतात आणि कर्नलमध्ये असलेला राउट व्हीपीपीमध्ये नसतो. घ्यायचंच असेल तर नेटलिंकचा बफर, व्हीपीपीचा मेन हीप (मुख्य मेमरी) आणि स्टॅट्स सेगमेंट (आकडेवारीची मेमरी) तिन्ही आधी वाढवा, आणि कर्नल व व्हीपीपी यांच्यातल्या राउटची संख्या जुळते का ते बघत जा. माझं मत विचाराल तर दोन अपस्ट्रीम (वरचे प्रोव्हायडर) असलेल्या तालुक्याच्या प्रोव्हायडरला डिफॉल्ट राउट (बाकी सगळ्यासाठीचा) आणि त्या अपस्ट्रीमच्या स्वतःच्या ग्राहकांचे राउट पुरतात.

गणपतीआधी नेबर टेबल न तपासणे

हा दोष आपल्याकडे हमखास भेटतो, आणि लोक तो राउटिंगमध्ये शोधत बसतात.

वर्षभर कुलूप असलेली घरं चतुर्थीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत उघडतात. चाकरमानी येतात, मीटर चालू होतो, कोपऱ्यातला वायफायचा डबा पेटतो. पीपीपीओई (ग्राहक लॉगिन करून जोडला जातो ती पद्धत) असेल तर हरकत नाही. पण ग्राहकांना थेट डीएचसीपीने (आपोआप) पत्ते देत असाल, तर प्रत्येक डब्यामागे राउटरच्या एआरपी टेबलमध्ये, म्हणजेच नेबर टेबलमध्ये (कुठला आयपी पत्ता कुठल्या मॅक पत्त्याचा ती यादी), एक नोंद वाढते. लिनक्समध्ये या टेबलची मूळ मर्यादा १०२४ आहे ('जीसी थ्रेश ३', पहिल्या दोन पायऱ्या १२८ आणि ५१२). ही मर्यादा सगळ्या इंटरफेसची मिळून आहे. शिवाय बाहेरून कुणी तुमचा पत्त्यांचा पूल स्कॅन करत असेल, तर न दिलेल्या पत्त्यांच्या अर्धवट नोंदीही तिथेच जागा अडवतात.

लक्षण फसवं असतं. एका वाडीत चालतं, शेजारच्या वाडीत नाही. दहा मिनिटांनी उलट. राउटिंग टेबल एकदम स्वच्छ. फायबरवाला खांबावर चढून जोड पुन्हा मारतो आणि योगायोगाने चालू झालं की सगळ्यांची समजूत पक्की होते. अशा वेळी 'डीमेसेज' मध्ये नेबर टेबल ओव्हरफ्लोची ओळ शोधा. मग तिन्ही मर्यादा वाढवा, उदाहरणार्थ ४०९६, ८१९२ आणि १६३८४, आणि त्या 'सिसकंट्रोल' च्या फाइलमध्ये लिहा. हे काम श्रावणातच उरकलेलं बरं.

आपल्याच पत्त्यांना ब्लॅकहोल न लावणे

समजा तुम्ही २०३.०.११३.०/२४ (२५६ पत्त्यांचा गट, म्हणजे प्रीफिक्स) जाहीर करता, पण वापरात अर्धेच पत्ते आहेत. न वापरलेल्या पत्त्याकडे येणाऱ्या पॅकेटला आत नेमका राउट मिळत नाही, म्हणून ते डिफॉल्टने परत वर जातं. वरचा राउटर ते पुन्हा तुमच्याकडे पाठवतो. टीटीएल (किती राउटर ओलांडायचे याची मोजणी) संपेपर्यंत हा झोका चालतो आणि एकच पॅकेट डझनभर वेळा तुमची लिंक खातं. ट्रेसराउटमध्ये दोनच पत्ते आलटून पालटून दिसले की समजा हेच आहे. पूर्ण प्रीफिक्सला डिस्टन्स (आकडा जितका मोठा तितकं प्राधान्य कमी) २५० देऊन ब्लॅकहोल राउट (आलेलं पॅकेट टाकून देणारा) घाला. सगळ्यात लांब जुळणारा प्रीफिक्स आधी निवडला जात असल्याने खऱ्या ग्राहकांच्या नेमक्या राउटना धक्का लागत नाही.

मेलेल्या नेक्स्ट हॉपवर विसंबणे

महामार्गाच्या कामात जेसीबीने केबल तोडली, पण मधला मीडिया कन्व्हर्टर जिवंत आहे. तुमचा पोर्ट 'अप', म्हणून स्टॅटिक राउटही जागेवर, आणि आंबा घाटातून कोल्हापूरला जाणारी दुसरी लिंक रिकामी बसलेली. बीजीपीवर सोडलं तरी एफआरआरचा मूळ होल्ड टाइम (शेजारी गप्प झाल्यावर वाट बघायचा वेळ) १८० सेकंद आहे. यावर उपाय बीएफडी, म्हणजे लिंक जिवंत आहे का ते सतत तपासणारा प्रोटोकॉल. एफआरआरमध्ये ते ३०० मिलिसेकंद गुणिले ३ असं येतं, म्हणजे सेकंदाच्या आत लिंक गेल्याचं कळतं. फायबरवर हे उत्तम. डोंगरावरून मारलेल्या वायरलेस लिंकवर मात्र हेच आकडे ठेवू नका. मुसळधार पावसात सेशन पडतं-उठतं आणि दर खेपेला फिब नव्याने लिहिली जाते.

हाताने घातलेले राउट तसेच सोडणे

'आयपी राउट ॲड' ने किंवा व्हीपीपीच्या कमांडने घातलेला राउट रिस्टार्टनंतर राहत नाही. पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे आपल्याला सांगायला नको. लिनक्स-सीपी वापरत असाल तर व्हीपीपीत थेट राउट लिहूच नका. तो कर्नलला कळत नाही, आणि एका टेबलचे दोन मालक होतात. सगळं एफआरआरमधून घाला आणि 'राइट मेमरी' करा.

दोन लिंक, पण 'आरपी फिल्टर' कडक

फॉरवर्डिंग लिनक्स कर्नलच करत असेल आणि पॅकेट एका लिंकने जाऊन दुसरीने परत येत असेल, तर 'आरपी फिल्टर' (पॅकेटचा परतीचा रस्ता त्याच लिंकने आहे का ते तपासणारी सेटिंग) १ असताना कर्नल ते गुपचूप टाकून देतं. त्या लिंकच्या इंटरफेसवर ते २ करा. 'ऑल' ची (सगळ्यांसाठीची) आणि त्या इंटरफेसची किंमत यांतली जी मोठी ती लागू होते, त्यामुळे 'ऑल' १ असताना इंटरफेसवर ० लिहून उपयोग नाही. खात्री करायची तर 'लॉग मार्शियन्स' थोडा वेळ चालू करा, टाकलेली पॅकेट लॉगमध्ये दिसू लागतात. ग्राहकांकडच्या इंटरफेसवर मात्र १ च ठेवा, खोट्या पत्त्यांची पॅकेट तिथेच अडतात. आणि 'ऑल' २ असेल तर असं वेगवेगळं लावता येत नाही, हे आधी बघा.