मराठी टीटीएसमध्ये येताय? आधी स्क्रीन रीडर लावून बसा

टीटीएस म्हणजे लिहिलेलं मशीनकडून बोलून घेणं, आणि स्क्रीन रीडर म्हणजे अंध माणसांना स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. मॉडेल कुठलं घेऊ, जीपीयू किती लागेल, हे सगळे विचारतात आणि त्याची उत्तरं कुठेही मिळतात. व्हिट्स घ्या नाहीतर फास्टपिच घ्या (दोन्ही टीटीएसची मॉडेलं), आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारतने सोडलेल्या मॉडेल्समध्ये मराठी आहे, ओपनएसएलआर या आवाजाच्या डेटाच्या साइटवर ६४ नंबरला गूगलने जमवलेलं मराठी रेकॉर्डिंग फुकट मिळतं (फक्त बायकांचे आवाज आहेत, पुरुषाचा आवाज हवा असेल तर दुसरीकडे बघावं लागेल). लोकांनी रेकॉर्ड करून दिलेल्या कॉमन व्हॉइस या डेटावर मात्र टीटीएस ट्रेन करायला जाऊ नका, ते बोलणं ओळखायच्या कामासाठी जमवलंय, ढीगभर माणसं, प्रत्येकाचा माईक वेगळा, मागे पंखा चालू.

आता ज्याच्यात माझे कित्येक महिने गेले ते सांगते. आपल्या डेटासेटमध्ये सगळी वाक्यं असतात, पूर्ण, पूर्णविरामासकट. मॉडेल त्याच्यावर शिकतं, आपण पेपरातलं एखादं वाक्य देतो, मस्त वाचतं, डोळस मित्रमैत्रिणींना ऐकवून पाचपैकी मार्क घेतो आणि खूश होतो. पण स्क्रीन रीडर अख्खी वाक्यं पाठवतो तेवढंच तुटकही पाठवतो, "लिंक", "मागे", "३ पैकी १", आणि सगळ्यात जास्त म्हणजे टाइप करताना एकेक अक्षर. नुसता क. नुसती वेलांटी. नुसता स्वल्पविराम.

समजा एक अंध मुलगी लॅपटॉपवर मराठीचा पेपर लिहितेय. "दिन" लिहिलं की "दीन", हे तिला शब्द ऐकून कळणार नाही कारण आपण दोन्ही जवळजवळ सारखंच बोलतो. म्हणून ती बाणाचं बटण दाबत एकेक अक्षर मागे जाते आणि तिथे तिला ऐकू यायला हवं, "पहिली वेलांटी" किंवा "दुसरी वेलांटी". शेंडीफोड्या श की पोटफोड्या ष, न की ण, हेही असंच. आणि आपलं गोड आवाजाचं मॉडेल नुसत्या वेलांटीवर काय करतं? गप्प बसतं, नाहीतर काहीतरी लांबलचक कण्हतं, कारण त्याने वाक्याबाहेर वेलांटी कधी पाहिलेलीच नाही. बरं, ती पुढचं बटण दाबते तेव्हा आधीचा आवाज तिथल्या तिथे तुटला पाहिजे आणि नवा लगेच सुरू झाला पाहिजे. अर्धा सेकंद उशीर झाला तरी टायपिंग अशक्य होतं, खरंच अशक्य, मी शेजारी बसून बघितलंय.

म्हणून तर इतके लोक अजून ईस्पीक एनजी हा टीटीएस प्रोग्रॅम सोडत नाहीत. एनव्हीडीए या विंडोजवरच्या स्क्रीन रीडरबरोबरच येतो, काही एमबीत शंभरावर भाषा, आवाज यंत्राचा, पण बटण दाबलं की बोलतो आणि प्रचंड वेगात लावला तरी व्यंजनं शाबूत राहतात. रोज वापरणारी माणसं ज्या वेगाने ऐकतात तो तुम्हाला पहिल्यांदा कळणारसुद्धा नाही. आपला न्यूरल आवाज, म्हणजे मॉडेलने शिकून काढलेला, तेवढा पळवला की त आणि ट एक होऊन जातात. त्यामुळे मार्क घ्यायचे तर त्या वेगाला घ्या आणि रोज ऐकणाऱ्यांकडून घ्या.

उपाय आहे, घाबरू नका. रेकॉर्डिंगच्या स्क्रिप्टमध्येच मुळाक्षरं, मात्रांची नावं, विरामचिन्हं, शून्य ते शंभर आकडे (आपले आकडे पाठच करावे लागतात, एकोणसाठ नियमाने बनवता येत नाही) आणि बटणांवरचे सुटे शब्द वेगळे बोलून घ्या. कलाकार कंटाळेल, तरी घ्या. अक्षरांचे आवाज आधीच तयार करून ठेवा, त्यासाठी दरवेळी मॉडेल चालवू नका. एवढ्यानेच फार मोठा फरक पडतो.

हिंदीच्या मॉडेलवर थोडं मराठी ओतायचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. कमी डेटात बरं ऐकू येतं हे खरं, पण ज्ञानेश्वरांचे ग्यानेश्वर होतात, ळ चा ल होतो, आणि "चार" आणि "चारा" यांतला च एकच होऊन बसतो. "चमचा"तला च एक आणि "चमचे"तला शेवटचा दुसरा, "माझा" आणि "माझी"तला झ वेगळा, हे लिपीत कुठेच दिसत नाही, त्यासाठी शब्दांची यादीच करावी लागते. करायचंच असेल तर ती यादी आधी करा, मग हिंदीकडे जा. आणि कुणाचा आवाज न विचारता क्लोन करणं तर नाहीच, रेडिओवरचा असो की घरातला.

मेंटॉरबद्दल माझं मत जरा कडक आहे. ज्याने दहा मिनिटंही स्क्रीन बंद करून फोन वापरला नाही त्याच्याकडून मॉडेल शिका, हे काम शिकू नका. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते रोज टॉकबॅक (अँड्रॉइड फोनचा स्क्रीन रीडर) वापरणाऱ्या एका मित्राने आणि व्याकरण शिकवणाऱ्या एका निवृत्त सरांनी, दोघांनाही पायथन येत नाही.

नोकरीचं स्पष्ट सांगते, नुसत्या मराठी टीटीएसवर पोट भरेल अशा जागा मोजक्याच आहेत. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यामुळे सरकारी साइट आणि ॲप दिव्यांगांना वापरता येतील असे करणं भाग आहे, त्यामुळे ॲक्सेसिबिलिटी टेस्टिंग येत असेल तर दार उघडतं आणि तिथून आवाजाच्या कामाकडे वळता येतं. मीही तशीच आले. गणित कच्चं आहे म्हणून मागे फिरू नका, ते हळूहळू येतं.

सुरुवात ईस्पीकच्या मराठी शब्दयादीपासून करा. ती साधी टेक्स्ट फाइल आहे, चुकीचा उच्चार होणारा शब्द शोधायचा, त्याच्यापुढे ध्वनी लिहायचे, कंपाइल करून ऐकायचं, मग रोज वापरणाऱ्या कुणालातरी ऐकवायचं आणि त्याने हो म्हटलं की बदल पाठवायचा. ऐकून देणाऱ्याच्या वेळेचे पैसे पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये धरा.