लिनक्सचं टूल विंडोजवर नेताना मला नडलेला २६ नंबरचा बाइट

पोर्टिंगच्या, म्हणजे एका सिस्टिमचं टूल दुसरीवर नेण्याच्या कामाला नव्याने लागला असाल तर एवढंच सांगतो, विंडोजवर बिल्ड झालं म्हणून पेढे वाटू नका. मी वाटले होते. अंधेरीच्या ऑफिसात, खरेखुरे.

लॉग फाइली कॉम्प्रेस करणारं, सी मध्ये लिहिलेलं छोटं टूल होतं. टेस्ट सगळ्या पास. क्लायंटकडे गेलं आणि तिसऱ्या दिवशी तक्रार आली, फाइल अर्ध्यात तुटते. मी आधी अँटिव्हायरसला शिव्या घातल्या, मग कंपायलरला, मग क्लायंटच्या डिस्कला. दोन आठवडे उशिराची मेट्रो धरून घाटकोपर, तिथून डोंबिवली. हे आपल्याला जमणारं नाही, असं रोज वाटायचं. तुम्हालाही वाटेल. वाटू द्या, राजीनामा टाइप करू नका.

एका सीनियरने सुचवलं, 'डब्ल्यूएसएल टाक ना.' अहो, ते म्हणजे विंडोजच्या पोटात लिनक्स चालवणं. त्याला पोर्टिंग म्हणत नाहीत. दुसरे म्हणाले, 'डॉक्युमेंटेशन वाच.' बरोबरच होतं. कुठलं पान, तेवढं सांगितलं असतं तर माझे दहा दिवस वाचले असते.

आता नीट वाचा. फाइल उघडणाऱ्या एफओपन या सी फंक्शनला नुसतं 'आर' (वाचायला) किंवा 'डब्ल्यू' (लिहायला) दिलं की विंडोजचं सी रनटाइम, म्हणजे सीची तयार लायब्ररी, फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडतं. लिहिताना प्रत्येक ०ए (हेक्समध्ये १०, नवी ओळ) बाइटच्या आधी ०डी (हेक्समध्ये १३) घुसडतं, वाचताना काढून घेतं. आपणच लिहायचं, आपणच वाचायचं; चोरी झाकलेली. पण वाचताना १ए, म्हणजे २६ नंबरचा बाइट दिसला की त्याच्या लेखी फाइल संपली! ही खूण सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातली. तिथे फाइलची लांबी १२८ बाइटांच्या तुकड्यांत मोजायचे, म्हणून मजकूर नेमका कुठे संपला ते कंट्रोल-झेडने, म्हणजे याच २६ नंबरच्या बाइटने, सांगावं लागे. डॉसने ती उचलली, विंडोजकडे वारशाने आली. कॉम्प्रेस केलेल्या डेटात हा बाइट साधारण २५६ बाइटांत एकदा येणारच. माझ्या टेस्ट फाइली साठ-सत्तर बाइटांच्या, म्हणून निभावलं. उपाय म्हणजे पुढे 'बी' (बायनरी) लावायचा, मग बाइट जसेच्या तसे राहतात. लिनक्सवर 'बी' लावला काय, न लावला काय, सारखंच. म्हणून मूळ कोडमध्ये तो नव्हताच.

शेवटी एकच लॉग दोन्ही मशीनवर कॉम्प्रेस केला. विंडोजची फाइल ३११ बाइट मोठी. लिनक्सच्या फाइलीतले ०ए मोजले. बरोबर ३११.

'आरबी', 'डब्ल्यूबी' केलं तरी पाइपमधून डेटा बिघडतच होता, कारण स्टँडर्ड इनपुट-आउटपुट आधीच टेक्स्ट मोडमध्ये उघडलेलं मिळतं. त्याला बायनरी मोडवर नेणारं सेटमोड फंक्शन वेगळं लावावं लागतं.

बाकीच्या खोड्या सरळ आहेत. आधीची फाइल जागेवर असेल तर रीनेम फसतं, कमांड प्रॉम्प्ट स्टार (*) उलगडून फाइलींची नावं देत नाही. दोन्ही लगेच बोंबलतात. लाँग हा सीमधला पूर्णांकाचा प्रकार मात्र ६४-बिट विंडोजवरही ४ बाइटांचाच, तो २ जीबीच्या पुढे गुपचूप दगा देतो.

क्लायंटकडच्या जुन्या फाइली मात्र नव्या टूलला वाचता येईनात. नशीब, प्रत्येक ०एच्या आधीचा एक ०डी काढला की मूळ डेटा जसाच्या तसा मिळतो. वीस ओळींचा प्रोग्राम लिहिला. पहिल्या रनला तोही अर्ध्यात थांबला. 'आर'पुढे 'बी' लावायला विसरलो होतो.