ऑटिस्टिक मुलाचं बोलणं घरी रेकॉर्ड कसं करायचं आणि नोंदी कशा ठेवायच्या

क्लिनिकमध्ये गेलं की मूल गप्प, डॉक्टर विचारतात किती शब्द बोलतो, आपण गडबडीत सांगतो "वीसेक असतील", आणि घरी आल्या आल्या तोच मुलगा अख्खी जाहिरात पाठ म्हणून दाखवतो. बऱ्याच घरांत हे होतं. नवी खोली, अनोळखी माणूस, वेळ कमी, एवढ्यात काय दिसणार? म्हणून घरचं रेकॉर्डिंग आणि नोंदी सोबत न्यायच्या. ऑटिझममधल्या भाषेवर आणि संवादावर रिसर्च करणारे लोकही हेच करतात, त्यांच्याकडे फक्त कॅमेरे बरे असतात आणि एकेक मिनिट पुन्हा पुन्हा बघायला वेळ असतो. हे तपासणीऐवजी नाही हां, तपासणीच्या जोडीला.

आधी शूटिंग. फोन हातात धरू नका, स्टूलवर एखाद्या डब्याला टेकवून ठेवा आणि विसरून जा, कारण हातात फोन असला की तुम्ही खेळत नाही, शूटिंग करता. फ्रेममध्ये दोघंही दिसायला हवेत, चेहरे आणि हात दोन्ही. नुसता मुलाचा चेहरा घेतलेला व्हिडिओ निम्मा वाया जातो, त्याने काय केलं ते दिसतं पण कशावरून केलं ते कळत नाही. टीव्ही बंद, कुकर नंतर लावा, दहा मिनिटं पुरे. खेळ मुलानेच निवडलेला असू दे, मग ते गाडीचं चाक फिरवत बसणं असो की चमचे ओळीत मांडणं. तिथे "अरे गाडी अशी चालवतात" सुरू करू नका.

आणि परीक्षा तर अजिबात घेऊ नका. कॅमेरा लागला की आपल्यातला मास्तर जागा होतो, हे काय, ते काय, रंग कोणता, काकाला सांग ना, मघाशी सांगितलंस ना, आणि मग व्हिडिओत आपलंच बोलणं भरलेलं. प्रश्नांनी मिळतात ती फक्त उत्तरं, मूल आपणहून काय म्हणतं ते दिसतच नाही. एक वाक्य बोला आणि थांबा, मनात दहापर्यंत आकडे मोजा. हे दहा आकडे भयंकर लांब वाटतात, मला तर अजूनही पाचाच्या पुढे जाताना तोंड दाबून धरावं लागतं.

या व्हिडिओ पद्धतीमागे चांगलं काम झालेलं आहे आणि त्यातलं एक तर आपल्या शेजारचं, गोव्याचं. इंग्लंडमध्ये पॅक्ट नावाची पद्धत होती, आईबाबा मुलाशी खेळतात, त्याचा व्हिडिओ घ्यायचा आणि मग थेरपिस्टने त्यांच्यासोबत बसून तो बघायचा. ती गोव्यात संगाथ संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीत इथल्या घरांसाठी बदलून घेतली, नाव ठेवलं पास, आणि चालवायला डॉक्टर नाही तर ट्रेनिंग दिलेले साधे आरोग्य कर्मचारी. ६५ मुलांवरच्या या चाचणीचे निकाल २०१६ मध्ये छापून आले. मुलाचं लक्ष जिथे आहे त्याला धरून बोलणं पालकांमध्ये वाढलं आणि मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करणंही वाढलं. सगळंच गोड नव्हतं, दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ मात्र कमी झाला, तेही त्यांनी छापलंय. तर व्हिडिओ बघताना पहिल्यांदा स्वतःकडे बघा. मूल चाकाकडे बघत होतं तेव्हा तुम्ही चाकाबद्दल बोललात की पुस्तक पुढे सरकवलंत?

आता लिहायचं कसं. साधी वही घ्या, पानावर तीन रकाने पाडा: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. बाजूला व्हिडिओतली वेळ. मधल्या रकान्यात नुसते शब्द नाही, हात धरून ओढलं, डबा आणून मांडीवर ठेवला, एक सेकंद बघितलं, हे सगळं. आणि बोलणं जसं ऐकू आलं तसंच लिहा, दुरुस्त करून नको. "पापी" म्हणाला तर पापी, पाणी नाही. कळलंच नाही तर फुली मारा, अंदाजाने भरू नका. मुलांच्या बोलण्याचा चाइल्ड्स नावाचा मोठा साठा आहे, १९८४ मध्ये ब्रायन मॅकविनी आणि कॅथरीन स्नो यांनी सुरू केलेला, त्यातसुद्धा न कळलेल्या बोलण्यासाठी वेगळी खूण ठरलेली आहे आणि कृतीसाठी वेगळी ओळ आहे, म्हणजे एवढा खटाटोप उगाच नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो पोपटपंचीला. तुम्ही विचारलं "बिस्किट पाहिजे?" आणि मूलही म्हणालं "बिस्किट पाहिजे?", की घरात लगेच कोणीतरी म्हणतं याला काही कळत नाही, नुसतं परत बोलतो. थांबा. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डकन या संशोधकांनी १९८१ मध्ये चार मुलांचे व्हिडिओ घेऊन अशी १००९ वाक्यं तपासली, त्याआधी काय झालं, मूल कुठे बघत होतं, हात कुठे होते हे सगळं धरून, आणि त्यांना सात वेगवेगळे उपयोग सापडले. कुठे ते "हो" होतं, कुठे मागणं, कुठे आपली पाळी घेणं, कुठे स्वतःलाच सांगणं. म्हणून नोंद करताना "परत बोलला" एवढंच लिहून पुढे जाऊ नका, त्याने हात पुढे केला का, बिस्किट घेतलं का, की मान फिरवून निघून गेला, ते लिहा.

बऱ्याच आधी ऐकलेलं वाक्य भलत्याच वेळी येतं त्याची तर वेगळी यादीच ठेवा. लिओ कॅनर या मुलांच्या मानसोपचार डॉक्टरने १९४३ मध्ये ११ मुलांवर ऑटिझमचं वर्णन करणारा प्रसिद्ध लेख लिहिला, आणि १९४६ मध्ये फक्त या मुलांच्या भाषेवर दुसरा. त्यात एक मुलगा सॉसपॅन दिसलं की "पीटर ईटर" म्हणायचा, कोणाला काही कळेना. मग आईला आठवलं, तो दोन वर्षांचा असताना ती "पीटर, पीटर, पंपकिन ईटर" हे बडबडगीत म्हणत होती आणि हातातून सॉसपॅन पडलं होतं. म्हणजे किल्ली आईकडे होती, डॉक्टरकडे नव्हती. तुमच्याकडेही तसंच असणार. समजा मूल लग्नाच्या हॉलमध्ये मध्येच "पुढील स्टेशन दादर" म्हणायला लागलं, तर दादरला उतरून घरी जायचं असतं हे तुम्हालाच माहीत, आणि त्याला आता इथून निघायचंय. वाक्य, पहिल्यांदा कुठे ऐकलं असेल, आता काय चाललं होतं, या तीन गोष्टी लिहा. महिनाभरात डिक्शनरी तयार होते, आणि ती शाळेतल्या ताईंना द्या, त्यांना सोन्यासारखी वाटेल.

मराठीत एक जास्तीची गोष्ट बघायला मिळते. स्वतःला "तू" म्हणणं तर इतर भाषांतही नोंदलंय, पण आपल्याकडे "मी" न म्हणताही क्रियापदातून कळतं कोण बोलतंय. मुलगा "मी जाते" म्हणत असेल तर ते आईचं वाक्य जसंच्या तसं उचललेलं असू शकतं, आणि काही दिवसांनी "मी जातो" आलं तर त्याने वाक्य फोडून स्वतःचं केलंय. हा बदल तारखेसकट लिहा. इंग्रजी चार्टमध्ये याला जागाच नसते, आणि इंग्रजीसारखं शब्द मोजून वाक्याची लांबी काढायची घाईही करू नका, "शाळेतनं" या एका शब्दात आपण बरंच काही बसवतो.

हातवाऱ्यांचे दोन ढीग करा: मागायला केलेले आणि दाखवायला केलेले. फ्रिजकडे बोट केलं ते दूध हवं म्हणून, पण आकाशात विमान दिसलं आणि तुमच्याकडे वळून बघितलं ते नुसतं "बघ ना" म्हणून. ऑटिझममध्ये दुसरा प्रकार कमी दिसतो हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे, पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि तो डोळ्यात डोळे घालूनच येईल असंही नाही. डबा तुमच्या तोंडासमोर आणून धरणं हेही दाखवणंच.

परदेशातल्या मराठी घरांना एक सांगायचंय. "घरी मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा" असा सल्ला अजूनही मिळतो. माँट्रियलमधल्या ऑटिस्टिक मुलांवर २०१२ मध्ये आलेल्या अभ्यासात दोन भाषांत वाढणारी मुलं एका भाषेतल्या मुलांपेक्षा मागे पडलेली दिसली नाहीत, नंतरचे अभ्यासही साधारण तेच सांगतात. आजी मराठीत बोलते तर बोलू दे, नोंद करताना कोणाशी कोणत्या भाषेत तेवढं लिहा.

आता प्रायव्हसी. हे व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर नाही टाकायचे, गोड असले तरी. रडण्याचे, आदळआपटीचे तर नाहीच. कोणी विद्यार्थी प्रोजेक्टसाठी मागत असेल तर लेखी संमतीपत्र मागा, त्यात व्हिडिओ कुठे राहणार, कोण बघणार, कधी डिलीट होणार हे असलं पाहिजे, आणि मध्येच नाही म्हणायचा हक्क. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, संशोधनासाठीच्या २०१७ च्या नियमांत सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची संमतीही घ्यायला सांगितलीय. न बोलणारं मूल कॅमेऱ्याकडे पाठ करत असेल, फोन उलटा करून ठेवत असेल तर ते "नाही"च आहे, त्या दिवशी शूटिंग बंद.

अपॉइंटमेंटला जाताना चाळीस व्हिडिओ नेऊ नका, कोणी बघत नाही. दोन न्या, एक बऱ्यापैकी दिवसाचा आणि एक अगदी नेहमीचा, सोबत वहीची चारपाच पानं आणि वाक्यांची यादी, आणि आत गेल्यावर सुरुवातीलाच सांगा की पहिल्या व्हिडिओचं तिसरं मिनिट आधी बघा.