पीअर-ग्रुपचा वारसा: गटाकडून नेबरला काय मिळतं आणि कशावर पाणी सोडावं लागतं

सांगलीत इंटरनेट पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी राउटर सांभाळते. कोणत्या पत्त्यांकडे कुठून जायचं ते राउटर एकमेकांना बीजीपी या भाषेत सांगतात, आणि असा संवाद ज्याच्याशी चालतो तो राउटर म्हणजे नेबर. आमच्या मुख्य राउटरवर बीजीपीची एकेचाळीस सेशन आहेत: दोन ट्रान्झिट (आम्हाला बाकीच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या कंपन्या), मुंबईच्या एक्स्चेंजवरचे (नेटवर्क एकमेकांना जोडतात त्या जागेवरचे) दोन राउट सर्व्हर, चार आमचेच आतले राउटर आणि उरलेले ग्राहक. ग्राहकांत कारखाने आहेत, दोन बँका आहेत आणि तालुक्याच्या गावांतले केबलवालेही आहेत. प्रत्येक नेबरला दहा-बारा ओळी धरल्या तर कॉन्फिग पाचशे ओळींच्या आसपास जातं. म्हणून सारख्या नेबरांचे गट (पीअर-ग्रुप) करायचे, हे नव्या मुलांना सांगावं लागत नाही. गटाला एक ओळ दिली की ती कोणाकोणाला लागू होते आणि कोणाच्या हातून निसटते, ते मात्र सांगावं लागतं. मलाही ते एका वाईट रात्रीनंतरच नीट कळलं.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या. पत्ते आणि एएस नंबर (बीजीपीत प्रत्येक नेटवर्कला असलेला क्रमांक) उदाहरणासाठी राखून ठेवलेल्यांपैकी आहेत, ते तसेच चिकटवू नका.

आधी कागद घ्या. नेबरांची यादी करा आणि प्रत्येकापुढे 'याला आपण काय पाठवतो' एवढंच लिहा. ट्रान्झिटला फक्त आपले आणि ग्राहकांचे रूट (पत्त्यांकडे जायच्या वाटा) जातात. ग्राहकाला पूर्ण टेबल (सगळ्या इंटरनेटचे रूट) तरी जातं, नाहीतर नुसता डिफॉल्ट ('सगळं माझ्याकडे पाठव' असा एकच रूट). आतल्या राउटरना सगळं. ज्यांच्यापुढे एकच उत्तर आलं ते एका गटात. हा निकष आयओएस या सिस्कोच्या राउटरवरच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांमधून आला आहे. तिथे राउटर संपूर्ण गटासाठी अपडेट एकदाच तयार करायचा आणि सगळ्या सभासदांना त्याच्या प्रती वाटायचा, त्यामुळे बाहेर जाणारी पॉलिसी (कोणते रूट द्यायचे याचे नियम) सभासदागणिक वेगळी ठेवता यायची नाही. १२.०(२४)एस, १२.३(४)टी या आवृत्त्यांपासून सारखी पॉलिसी असलेले नेबर राउटर स्वतःच अपडेट-ग्रुपमध्ये बांधतो. म्हणजे आता गट राउटरसाठी नाही, आपल्या डोक्यासाठी करायचा. निकष मात्र जुनाच ठेवा. पाठवण्यात फरक असलेले दोघे एका गटात कोंबले की अपवादांचं गवत माजतं.

आतल्या राउटरांचा गट सगळ्यात सोपा, तिथून सुरुवात करा:

राउटर बीजीपी ६४५००
नेबर आतले पीअर-ग्रुप
नेबर आतले रिमोट-एएस ६४५००
नेबर आतले अपडेट-सोर्स लूपबॅक०
नेबर १९२.०.२.११ पीअर-ग्रुप आतले

नेक्स्ट-हॉप-सेल्फ (पुढचा टप्पा म्हणून आपलाच पत्ता सांगणं) आणि सेंड-कम्युनिटी (रूटवर चिकटवलेल्या खुणा, म्हणजे कम्युनिटी, पुढे पाठवणं) याच गटावर, ॲड्रेस-फॅमिलीत (आयपीच्या प्रकारागणिक असलेल्या विभागात). सेंड-कम्युनिटी विसरू नका. आयओएस आपणहून कम्युनिटी पाठवत नाही, जुनोस (जुनिपरच्या राउटरवरचं सॉफ्टवेअर) आणि एफआरआर (मुक्त स्रोत सॉफ्टवेअर) पाठवतात. एका कंपनीच्या राउटरवरून दुसरीच्यावर कॉन्फिग नेताना 'कम्युनिटी गेल्या कुठे' म्हणून आम्ही एक अख्खी दुपार घालवली आहे.

ग्राहकांच्या गटात रिमोट-एएस (समोरच्याचा एएस नंबर) घालू नका, कारण तो प्रत्येकाचा वेगळा. गटात घातला तर एफआरआर सभासदाला दुसरा नंबर देऊच देत नाही. या गटात ठेवा बाहेर जाणारा राउट-मॅप (आयओएसमध्ये पॉलिसी लिहायची पद्धत), आत येणारा राउट-मॅप आणि मॅक्सिमम-प्रिफिक्स (नेबरकडून जास्तीत जास्त किती प्रिफिक्स, म्हणजे पत्त्यांचे गट, घ्यायचे ती मर्यादा). आमच्याकडे ती मर्यादा ५० आहे. एका केबलवाल्याला ती पुरेना, तेव्हा त्याच्या नावावर २०० ची ओळ टाकली. गटाची ५० ची ओळ त्याच्यापुरती मागे पडली, इतरांची तशीच राहिली. अपवाद करायचा तर असा: एकाच आकड्याच्या जागी दुसरा एकच आकडा.

पॉलिसी मात्र एका आकड्याची नसते, पॉलिसींची साखळी असते. माझी वाईट रात्र तिथेच उगवली.

आधीच्या कंपनीत जुनोस होतं. जुनोसमध्ये तीन पायऱ्या असतात: संपूर्ण बीजीपी, त्याखाली गट, त्याखाली नेबर. सगळ्यात खालचं चालतं. गटावर आमची इम्पोर्ट (आत येणाऱ्या रूटची) साखळी अशी होती; बोगॉन म्हणजे इंटरनेटवर दिसूच नयेत असे पत्ते:

इम्पोर्ट [ बोगॉन-गाळणी ग्राहक-यादी बाकी-नकार ]

एका ग्राहकाला त्याच्या बॅकअप लाइनसाठी लोकल-प्रेफरन्स (आमच्या राउटरने त्या रूटला द्यायची पसंती) कमी करून हवा होता. मी नेबरवर एक ओळ टाकली, इम्पोर्ट बॅकअप-प्रेफ. मनात हिशोब असा की गटाच्या तीन पॉलिसी आहेतच, त्यात ही चौथी जोडली जाईल.

जोडली गेली नाही. नेबरवर इम्पोर्ट लिहिलं की गटाचं इम्पोर्ट त्या नेबरपुरतं पूर्ण बाद होतं. गाळणी गेली, यादी गेली, नकारही गेला. माझी पॉलिसी फक्त एक कम्युनिटी बघत होती आणि बाकीच्या रूटना ना हो म्हणत होती ना नाही. असा रूट शेवटी बीजीपीच्या डिफॉल्ट पॉलिसीकडे जातो, आणि जुनोसमध्ये ती आलेलं सगळं घेते. पंधरा-वीस मिनिटांनी ग्राहकाच्या राउटरवर कोणीतरी काहीतरी बदललं आणि त्याच्या दुसऱ्या ट्रान्झिटकडचे रूट आमच्या अंगावर ओतले. वाचवलं ते गटावरच्या प्रिफिक्स-लिमिटने. ते मी नेबरवर शिवलं नव्हतं, म्हणून वारशाने शाबूत होतं. त्यात टिअरडाउन लिहिलेलं असल्यामुळे मर्यादा ओलांडताच सेशन पडलं. ग्राहकाचा फोन आला, 'मॅडम, नेट बंद आहे.' तेवढ्यावर निभावलं.

सातबाऱ्यावर वारसांची नावं एकाखाली एक चढतात, तसं इथे होत नाही. नेबरने स्वतःची ओळ मांडली की गटाने त्या ओळीत जे ठेवलं होतं त्यावर त्याने पाणी सोडलं. म्हणून अपवाद लिहायचा तर साखळी पूर्ण लिहा:

इम्पोर्ट [ बोगॉन-गाळणी बॅकअप-प्रेफ ग्राहक-यादी बाकी-नकार ]

क्रमही बघा. ग्राहक-यादीत ॲक्सेप्ट आहे आणि ॲक्सेप्ट झालं की साखळी तिथेच थांबते, म्हणून प्रेफरन्स बदलणारी पॉलिसी तिच्या आधी हवी आणि तिने स्वतः ॲक्सेप्ट म्हणता कामा नये. पूर्ण साखळी लिहिण्याचा एक तोटा आहे. उद्या गटात नवी गाळणी घातली तर ती या नेबरला लागणार नाही. असे अपवाद तीन झाले की मी वेगळा गट करते, त्यावर फार विचार करत नाही. जुनोसमध्ये आणखी एक काटा: आजवर गटाचं एक्स्पोर्ट (बाहेर जाणाऱ्या रूटची साखळी) वापरणाऱ्या नेबरवर पहिल्यांदा स्वतःचं एक्स्पोर्ट लिहिलं की राउटर त्याला आतल्या आत वेगळ्या गटात हलवतो आणि त्यात सेशन पडून पुन्हा उठू शकतं. हे काम रात्रीच करा.

आता तपासणी. लिहिलेलं कॉन्फिग वाचून वारसा ओळखायचा प्रयत्न करू नका, राउटरलाच विचारा. जुनोसवर 'शो बीजीपी नेबर' आणि पुढे पत्ता दिला की इम्पोर्ट आणि एक्स्पोर्टपुढे प्रत्यक्ष लागू असलेली साखळी दिसते. त्या रात्री ती ओळ वाचायला मला दहा सेकंद लागली असती. 'डिस्प्ले इनहेरिटन्स' या नावाला मात्र भुलू नका. ते अप्लाय-ग्रुप्समधून (कॉन्फिगच्या ओळी एकदा लिहून इतरत्र लावायची जुनोसची वेगळी सोय) आलेल्या ओळी दाखवतं आणि त्या ग्रुपचा बीजीपीच्या ग्रुपशी काही संबंध नाही. शब्द एक, वस्तू दोन.

आयओएस-एक्सआर (सिस्कोच्या मोठ्या राउटरवरचं सॉफ्टवेअर) यात सगळ्यात गुणी. 'शो बीजीपी नेबर … कॉन्फिगरेशन' म्हटलं की ओळ कुठून आली ते पुढे चौकोनी कंसात येतं. तिथे नेबर-ग्रुप, सेशन-ग्रुप आणि एएफ-ग्रुप असे तीन प्रकार असतात. नेबरची स्वतःची ओळ सगळ्यांत वरचढ, मग सेशन-ग्रुप किंवा एएफ-ग्रुप, शेवटी नेबर-ग्रुप.

साध्या आयओएसमध्ये गटांना पर्याय म्हणून टेम्प्लेट (ओळींचे साचे) आहेत, सेशनचे वेगळे आणि पॉलिसीचे वेगळे, आणि टेम्प्लेट दुसऱ्या टेम्प्लेटकडून वारसा घेऊ शकतं. पॉलिसी टेम्प्लेटना क्रमांक द्यावा लागतो, मोठ्या क्रमांकाचं शेवटी वाचलं जातं आणि तेच जिंकतं. एक नेबर गटात आणि टेम्प्लेटवर असा दोन्हीकडे बसू शकत नाही. सेशन टेम्प्लेटला आडून सात पिढ्यांपर्यंतचा वारसा चालतो म्हणे सिस्को. मी दोनच्या पुढे जात नाही. रात्री तीन वाजता पणजोबा कोण शोधत बसणार?

गट मोडण्याबद्दल एकच सांगते. एका सभासदाला गटातून काढायची कमांड आणि अख्खा गट पुसायची कमांड सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात:

नो नेबर १९२.०.२.११ पीअर-ग्रुप आतले
नो नेबर आतले पीअर-ग्रुप

दुसरीने आयओएसवर गटाबरोबर त्याचे सगळे सभासदही जातात, आणि राउटर 'खरंच का?' असं विचारत नाही. एंटर दाबण्याआधी 'नो नेबर'च्या पुढे आकडे आहेत की नाव, ते बोट ठेवून बघा.

आत येणारी पॉलिसी बदलल्यावर सेशन पाडायची गरज नाही. 'क्लिअर आयपी बीजीपी … सॉफ्ट इन' पुरतं, कारण समोरच्याकडून रूट पुन्हा मागवण्याची सोय बीजीपीत २००० सालापासून आहे. त्याआधी आणि नंतर 'शो आयपी बीजीपी समरी' फाइलमध्ये साठवा आणि शेवटच्या रकान्यातले प्रिफिक्सचे आकडे शेजारी ठेवून बघा. गटाला हात लावला असेल तर ज्याच्यासाठी लावला त्याचाच नव्हे, गटातल्या प्रत्येकाचा आकडा बघा. आणि अपवाद केला असेल तर नेबरच्या डिस्क्रिप्शनमध्ये तारखेसकट टाका: 'अपवाद, मर्यादा २००, गट ५०'.