लाईट कट होणार असा मेसेज आला तर काय करायचं
"आज रात्री साडेनऊला लाईट कट होणार, या नंबरवर कॉल करा" असा मेसेज आला की आधी पाठवणारा बघा, साधा मोबाईल नंबर दिसला की सरळ डिलीट मारा, महावितरण असल्या पर्सनल नंबरवरून मेसेज करतच नाही. सोबत एपीके फाईल (मोबाईलमध्ये ॲप टाकायची फाईल) असेल तर हातपण लावू नका, ती इन्स्टॉल झाली की तुमचे ओटीपी परस्पर समोरच्याला दिसू शकतात.

पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे सदाशिव पेठेतल्या आज्जींनापण सांगून ठेवा (त्या उलट पिन मागणाऱ्या भामट्यालाच झापतील म्हणा).

पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन) फोन, मग बँकेला कळवून तक्रार नंबर घ्या, कारण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या डोक्यावर.